बसवायचं की झोपवायचं? सोलापूरच्या पूर्व भागातलं मयताच्या सामानाचं एक घरगुती दुकान

फोन उचलला की पत्त्याच्याही आधी हे लोक विचारतात, ‘‘बसवायचं की झोपवायचं?’’ मयताचं सामान शहरात बऱ्याच ठिकाणी मिळतं. पण हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही तर पुढचं सगळं बिघडतं, आणि ते ओळखून काम करतात म्हणून या दुकानाबद्दल लिहायचं. बाप, दोन मुलं आणि थोरली सून एवढ्यांवर ते चालतं. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषा घरात बोलतात. तिरडी म्हणा, पाडे म्हणा नाहीतर चट्ट म्हणा, दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

लिंगायत घरात देह बसवून नेतात आणि मातीत समाधी देतात. जीव गेल्यावर दोन-चार तासांत जबडा आणि मान आखडू लागते, मग हातपाय. साधारण बारा तासांत सगळं अंग ताठ होतं. मे महिन्यात त्याहून लवकर. मुलं पुण्याहून येईपर्यंत म्हणून आडवंच शीतपेटीत ठेवलं, तर नंतर मांडी घालता येत नाही, कारण गारव्यात ताठरपणा जास्त वेळ टिकतो. जोर लावावा तर सांध्याला इजा होते. म्हणून थोरला मुलगा तासाभरात घरी येतो, मांडी घालून पाठीला फळी लावतो आणि छाती व कपाळावरून पट्टा बांधतो. हा पट्टा चार बोटं रुंद, सुती, धुऊन मऊ केलेला. दोरी रुतते, तिचा वळ कपाळावर उमटतो, आणि दर्शनाला येणारा प्रत्येक जण तोच चेहरा बघणार असतो. अंगावर धारण केलेलं इष्टलिंग डाव्या तळहातात राहील असा हात तेव्हाच मांडीवर ठेवून देतात. विभूती, बेलपत्रं आणि मिठाची पोती वेगळी काढलेली असतात. खड्डा कसा घ्यायचा ते मात्र जंगमांना, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहितांना, विचारा म्हणून सांगतात, स्वतःचं मत देत नाहीत.

तिरडीला आठ फुटी दोन ओले कळक (बांबू) आणि सात आडवे तुकडे. कळक वाळलेला, भुंगा लागलेला असला तर खांदा बदलताना गाठीपाशी तडकतो. बांधायला काथ्याच वापरतात; नायलॉनची दोरी वजन आलं की सरकते. रुंदी दोन फुटांच्या वर नेत नाहीत, कारण चाळीच्या बोळात दोन्ही बाजूंनी खांदेकरी चालले पाहिजेत. जिना अरुंद असेल तर देह खुर्चीवरून खाली आणा आणि तिरडी अंगणात बांधा, हा त्यांचा आग्रह बरोबरच आहे.

सामानाची पिशवी सून भरते. कापूर, तूप, काळे तीळ, दर्भ, तुळस, लाह्या, विस्तवासाठी गोवऱ्या, मडकं. सवाष्ण असेल तर हिरवं लुगडं, चुडा, हळद-कुंकू. मडकं कमी भाजलेलं निवडतात, म्हणजे दगडाने भोक पाडताना नेमक्या जागी फुटतं, सगळं ढासळत नाही. अश्मा, म्हणजे मडक्याला भोक पाडलेला तो दगड, ठेवायला पांढरी थैली वेगळी देतात. बाकी दुकानांत ती मिळत नाही, आणि दहाव्याला घाटावर अश्मा कुणाकडे आहे यावरून धावपळ होते. पारंपरिक चितेला तीनशे किलोच्या आसपास लाकूड लागतं, ते स्मशानभूमीत मिळतं. पावसाळ्यात लाकूड दमट असतं म्हणून राळ आणि गोवऱ्या वाढवून घ्या असं सांगतात. पेटल्यावर वरून रॉकेल ओतू नका, हे तर ओरडून सांगतात.

शीतपेटी गार व्हायला अर्धा तास लागतो, तेवढी आधी चालू करावी. पातळ वायरचं एक्स्टेन्शन तापतं, म्हणून जाड वायर तेच आणतात. देह कोरडा पुसून ठेवायचा, पाण्याची नळी बादलीत सोडायची, लाइट गेली तर झाकण उघडायचं नाही. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. पापण्या मिटून ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, हे फोनवरच सांगतात. विद्युतदाहिनीत न्यायचं असेल तर पेसमेकर आहे का हे विचारतात, कारण तो आत फुटतो; आधी डॉक्टरकडून काढून घ्यावा लागतो.

कागदांचंही त्यांना कळतं. घरी मृत्यू झाला तर शेवटचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४-अ मध्ये लागतो, दवाखान्यात झाला तर नमुना ४. नोंद २१ दिवसांत केली तर विलंब शुल्क लागत नाही. आडनावाचं स्पेलिंग आधारवरूनच उतरवून घ्या; तेलुगू आडनावं दोन कागदांवर दोन तऱ्हेने पडली की विमा आणि पेन्शन अडकते.

उणिवाही आहेत. शववाहिका त्यांची स्वतःची नाही. भाडं तोंडी ठरतं आणि पंढरपूरला अस्थी न्यायच्या म्हटलं की ड्रायव्हर थांबण्याचे वेगळे पैसे मागतो. ते लिहून घ्या. हारही बाहेरून येतात, सकाळी सातच्या मातीला वेळेवर पोचत नाहीत. दुसऱ्या शीतपेटीची काच धुरकटते, चेहरा नीट दिसत नाही. ती आली तर बदलून मागा. सामानाची पावती मात्र लागणारं आणि ऐच्छिक अशी दोन भागांत लिहून देतात, आणि न फोडलेला कापूर-तूप परत घेतात.

फोनवर उंची नक्की सांगा. सहा फुटांच्या माणसाला आठ फुटी कळक घेतला तर पुढे-मागे धरायला फूटभरच उरतो. नऊ फुटी मागवा.