होम सर्व्हर: रास्पबेरी पाय, मिनी पीसी की माळ्यावरचा लॅपटॉप?

होम सर्व्हर म्हणजे घरात कायम चालू ठेवलेला संगणक. घरचे फोटो, थोडे सिनेमे आणि घरच्या नेटवरच्या जाहिराती गाळणारं पाय-होल हे सॉफ्टवेअर, एवढंच चोवीस तास चालवायचं असेल तर आधी एक आकडा लक्षात ठेवा: 8.76. एक वॅट वर्षभर अखंड चालला की इतकी युनिटं होतात. युनिटला 10 रुपये धरले तर वॅटमागे वर्षाला जवळपास 88 रुपये. दर मुद्दाम चढा धरलाय. महावितरणच्या बिलात 100, 300, 500 युनिटांचे टप्पे असतात, आणि सर्व्हरची युनिटं फ्रिज-गिझरच्या वर जाऊन बसतात. म्हणजे त्यांना तुमच्या घरचा सगळ्यात वरचा दर लागतो.

आता जुना टॉवर पीसी. ग्राफिक्स कार्डासकट तो नुसता बसून 55 वॅट खात असेल, तर वर्षाला 482 युनिटं. त्याच्या जागी 10 वॅटचा मिनी पीसी ठेवला तर 88. वर्षाकाठी जवळजवळ 3,900 रुपये वाचतात, म्हणजे सेकंडहँड मिनी पीसी दोन-तीन वर्षांत फिटतो. पण तिथून पुढे 4 वॅटच्या रास्पबेरी पायवर (एका छोट्या सर्किट बोर्डावरचा संगणक) उडी मारली, तर वर्षाला वाचतात सव्वापाचशे. 'सगळ्यात कमी वॅट' हा हट्ट इथेच संपायला हवा.

कारण पाय 5 स्वस्त दिसतो तेवढा राहत नाही. 5 व्होल्ट 5 अँपिअरचा अडॅप्टर, केस, पंखा, एनव्हीएमई एसएसडी बसवायला हॅट (वर जोडायचा छोटा बोर्ड) असं सगळं जोडत गेलात की बिल मिनी पीसीच्या जवळ जातं. त्यात व्हिडिओ एन्कोड करायला हार्डवेअर नाही, त्यामुळे जेलिफिनने (घरचे सिनेमे टीव्ही-फोनवर दाखवणारं सॉफ्टवेअर) सिनेमा ट्रान्सकोड करायला, म्हणजे दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायला घेतला की सगळा भार सीपीयूवर. पाय-होल आणि होम असिस्टंटपुरता (घरचे स्मार्ट दिवे-पंखे सांभाळणारं सॉफ्टवेअर) मात्र पाय उत्तम.

खरी चुरस इंटेल एन100 प्रोसेसरचे मिनी पीसी आणि ऑफिसांतून निघालेल्या छोट्या डब्यांमध्ये आहे: लेनोवो टायनी, डेल मायक्रो, एचपी मिनी. इथे टीडीपीवर, म्हणजे प्रोसेसरच्या माहितीत लिहिलेल्या वॅटवर, जाऊ नका. एन100 वर 6 वॅट लिहिलंय, पण जोर लावला की भिंतीच्या प्लगवर मोजलं तर अख्खा डबा 20 वॅटच्या पुढे जातो. ऑफिसच्या डब्यांत सापडणाऱ्या आय5-8500टी प्रोसेसरवर 35 लिहिलंय, तरी रिकामा बसलेला डबा बहुतेक वेळा 10-12 वॅटवर असतो. घरचा सर्व्हर दिवसातले बावीस तास रिकामाच बसतो, तेव्हा रिकाम्या वेळचा आकडाच बघायचा. एन100 ला एव्ही1 (नवा व्हिडिओ फॉरमॅट) डिकोड येतं, पण रॅमचा एकच चॅनल, अधिकृत मर्यादा 16 जीबी. 8500टी ला एव्ही1 नाही, पण सहा कोअर आणि रॅमचे दोन स्लॉट. व्हर्च्युअल मशिन (एका संगणकात चालणारे अनेक आभासी संगणक) चालवायची असतील तर मी डोळे झाकून दुसरा घेईन. फक्त फोटो आणि सिनेमे असतील तर एन100.

माळ्यावरच्या लॅपटॉपला मात्र कमी लेखू नका. स्क्रीन बंद करून तो 8 ते 15 वॅटवर चालतो, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तरी सर्व्हर बंद पडत नाही, यूपीएस आतच आहे. (राउटरलाही 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, नाहीतर सर्व्हर जागा आणि नेट झोपलेलं.) धोका बॅटरीचा. सदा 100 टक्के चार्ज राहिली की ती फुगू शकते. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) चार्जिंगची मर्यादा 60-80 टक्क्यांवर लावता येते का बघा. येत नसेल, किंवा टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, तर तो लॅपटॉप नकोच.

डिस्क लोक हमखास विसरतात. 3.5 इंची एक हार्ड डिस्क फिरत असताना 4 ते 8 वॅट घेते, म्हणजे दोन लावल्या की मिनी पीसीची सगळी काटकसर त्यांनीच खाल्ली. दोन-चार टीबीपर्यंत एसएसडी परवडत असेल तर तीच घ्या. मोठा साठा हवाच असेल तर एकच मोठी डिस्क, आणि बॅकअपची दुसरी डिस्क कपाटात, गरजेपुरती जोडायची.

आणि आत्ता चालू असलेल्या मशिनला आधी प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर एक दिवस लावून बघा. पॉवरटॉपमध्ये (लिनक्सवरचं वीजखर्च दाखवणारं साधन) सी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या, नीट लागलेल्या दिसत नसतील, तर त्या लावून काही न विकत घेताही पाच-सात वॅट उतरतात.