नायट्रेट रिमूव्हर रेझिन: फिल्टरमध्ये टाकू नका, बादलीत वापरा

माशांच्या टाकीतलं नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जाणारा क्षार) 80 पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे 80 मिलिग्रॅमच्या खाली यायचं नावच घेत नव्हतं म्हणून हे रेझिनचं पाऊच मागवलं. ब्रँड सांगत बसत नाही, कारण असली बहुतेक पाऊच एकाच तत्त्वावर चालतात: आत बारीक पिवळसर मणी, ते पाण्यातलं नायट्रेट धरतात आणि बदल्यात क्लोराइड सोडतात. संपलं की मिठाच्या पाण्यात ठेवून परत वापरायचं. पाच पैकी तीन स्टार देतोय, आणि ते तीनसुद्धा पाकिटावर लिहिलंय तसं वापरून मिळालेले नाहीत.

पाकिटावर लिहिलंय की फिल्टरमध्ये ठेवा आणि विसरा. ठेवलं. सुरुवातीला आकडा खरंच खाली आला, पण मग गाडी तिथेच अडकली, कारण टाकीच्या पाण्यात नुसतं नायट्रेट नसतं, माशांची घाण, कुजलेलं खाणं, टाकीत ठेवलेल्या लाकडाचा तो चहासारखा रंग हे सगळंच मण्यांवर जाऊन बसतं. पाऊच बाहेर काढलं तेव्हा मणी चॉकलेटी झाले होते. शिवाय साधं रेझिन नायट्रेटच्या आधी सल्फेट धरतं, त्यामुळे पाण्यात सल्फेट जास्त असेल तर अजूनच लवकर संपतं. घेताना 'नायट्रेट सिलेक्टिव्ह' (म्हणजे सल्फेटपेक्षा नायट्रेट आधी धरणारं) लिहिलेलंच घ्या.

आता खरी गंमत. नळाचं पाणी तपासलं तर त्यातच 20 च्या आसपास नायट्रेट! मग कितीही पाणी बदला, 20 च्या खाली जाणारच कसं? जरा हिशोब करून बघा, टाकीत आठवड्याला 15 वाढतंय आणि तुम्ही दर आठवड्याला 30 टक्के पाणी बदलताय, तर बदलायच्या आधीचा आकडा फिरून फिरून 70 लाच येऊन थांबतो (यातले 20 नळाचे). निम्मं पाणी बदललं तर 50. आणि तेच बदलायचं पाणी आधी रेझिनमधून काढून शून्याजवळ आणलं तर निम्म्या बदलाला 30. म्हणजे रेझिनची जागा बादलीत आहे हो, फिल्टरमध्ये नाही! स्वच्छ पाण्यात पाऊच टिकतंही कितीतरी जास्त. आता मी बादलीत छोटा पंप लावून पाणी त्यातून रात्रभर फिरवतो, तेवढं पुरतं. ज्यांच्या नळाला नायट्रेट नाहीच त्यांनी हे घ्यायच्या भानगडीत पडू नये, पाणी बदला, खाणं कमी करा, फिल्टरचा स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळून धुवा. जोडीला हॉर्नवर्ट ही पाण्यात बुडून वाढणारी वनस्पती टाका, नाहीतर मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडा (फक्त मुळं, पानं वरच राहू द्या), फुकटात काम होतं.

आणि हो, 80 वरून एका दिवसात 10 वर आणायची घाई करू नका, मासे जुन्या पाण्याला सवयलेले असतात, एकदम सगळं बदललं की पीएचसकट सगळंच हलतं आणि मासे गचकतात. टप्प्याटप्प्याने जा.

रेझिनला नावं ठेवण्याआधी टेस्ट नीट करा. नायट्रेट मोजायच्या लिक्विड किटमधल्या दुसऱ्या बाटलीच्या तळाशी पावडर बसते, ती जीव खाऊन हलवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो, हात दुखेपर्यंत हलवा, मग ट्यूबपण एक मिनिट हलवा. 40 आणि 80 चे लाल रंग तर मला अजूनही सारखेच दिसतात, अशा वेळी निम्मं नळाचं पाणी न घालता निम्मं आरओ किंवा डिस्टिल्ड पाणी मिसळून टेस्ट करा आणि आलेला आकडा दुप्पट करा. काही किट नायट्रेट-नायट्रोजन (नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन) दाखवतात, तिथे 10 म्हणजे नेहमीच्या मोजणीत जवळजवळ 44, त्यामुळे दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करताना तेवढं बघून घ्या.

रिचार्ज सोपं आहे, लिटरभर पाण्यात साधारण 100 ग्रॅम जाडं मीठ, आयोडीन नसलेलं, त्यात पाऊच काही तास. पाणी चहाच्या रंगाचं झालं की समजा मळ निघतोय. नंतर भरपूर धुवा. ताज्या रिचार्ज केलेल्या रेझिनमधून निघालेल्या पहिल्या बादलीचा केएच (पीएच स्थिर ठेवणारं पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण) मात्र मोजूनच टाकीत ओता, कारण हे मणी सुरुवातीला बायकार्बोनेटपण ओढतात, आणि केएच आधीच कमी असेल तर पीएच खाली घसरतो. पाकिटावर याबद्दल एक ओळ नाही, दोन स्टार खरं तर इथेच कापलेत.