नातवंडांच्या तात्पुरत्या ताब्यासाठी तालुका विधी सेवा समितीची मदत : आमचा अनुभव

नातवंडे काही काळ आजी-आजोबांकडे ठेवणारी घरे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पुष्कळ आहेत. कोणाचे आईवडील वीटभट्टीवर गेलेले असतात, कोणाचे पुण्याला कामाला. आमच्या लेकीवर नागपूरला दीर्घ उपचार सुरू झाले, जावईही तिच्यासोबत राहिले आणि दोन्ही मुले आमच्याकडे आली. अशा घरांना तालुका न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीच्या कार्यालयाची माहिती क्वचितच असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तेथे जाण्यापूर्वी न्यायालयाबाहेरच्या एका अर्जनवीसाने आम्हाला सांगितले होते की, मुद्रांकावर लिहून नोटरी केली की मुलांचा ताबा कायदेशीररीत्या आमच्याकडे येतो. त्यासाठी त्याने मागितलेली रक्कम आमच्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्याला जड होती. समितीने नेमून दिलेल्या वकीलबाईंनी हा समज शांतपणे दूर केला. नोटरी केलेले संमतीपत्र म्हणजे आईवडिलांच्या इच्छेचा पुरावा असतो, न्यायालयाचा आदेश नव्हे. आईवडील ते केव्हाही मागे घेऊ शकतात आणि मुलांचे नैसर्गिक पालक तेच राहतात. मात्र घरात वाद नसेल आणि मुलांची सोय तात्पुरती असेल, तर एवढा कागद बहुतेक कामांना पुरतो, उगाच दावा लावू नका, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. काम वाढवण्याऐवजी कमी करणारा हा सल्ला मला या सेवेतील सर्वांत मोलाचा वाटला.

संमतीपत्राचा मसुदा त्यांनी आमच्यासमोर बसून केला. मुलांची नावे व जन्मतारखा, मुदत, शाळेचे निर्णय कोणी घ्यायचे आणि खर्च कोणी करायचा हे त्यात आले. आईवडिलांशी संपर्क न झाल्यास तातडीच्या उपचारांना संमती देण्याचा अधिकार आजी-आजोबांना राहील, हे वाक्य त्यांनी आवर्जून घातले. धाकट्याला पावसाळ्यात दम लागतो आणि ग्रामीण रुग्णालयातून रात्री यवतमाळला न्यावे लागू शकते, हे त्यांनी आधी विचारून घेतले होते. मोठ्या नातीशी त्या वेगळ्या बोलल्या. तिला येथे राहायचे आहे का आणि आईशी फोनवर केव्हा बोलायचे आहे, हे तिच्याच तोंडून ऐकले.

वाद असलेल्या घरांची गोष्ट निराळी आहे. तेथे १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करावा लागतो आणि त्याच्या कलम १२ नुसार प्रकरण चालू असताना मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश मिळू शकतो. मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात हा अर्ज जातो, आणि मुलाचे हित हाच निर्णयाचा मुख्य आधार असतो. केवळ आजी-आजोबा असल्यामुळे ताबा मिळत नाही.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते, म्हणून अर्ज माझ्या नावाने केला. वकिलाची फी द्यावी लागली नाही.

शाळेची अडचण मात्र आमची आम्हालाच निस्तरावी लागली. गावाजवळच्या एका शाळेने जुन्या शाळेचा दाखला येईपर्यंत नातीला वर्गात बसू देण्यास नकार दिला होता. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते. ते कलम वकीलबाईंनी लिहून दिले, पण शाळेला पत्र पाठवणे आपल्या कामात बसत नाही, असे कार्यालयाने सांगितले. एका साध्या पत्राने पोरीचे वर्गातले दिवस वाचले असते, हे मला अजून खटकते.

दुसरी उणीव वेळेची आहे. कार्यालय न्यायालयाच्या वेळेतच चालते आणि आमच्या गावाची बस दुपारी परतते, त्यामुळे कापूस वेचणीच्या हंगामात मजुरी बुडवूनच तेथे जाता येते. १५१०० या क्रमांकावर फोन करून प्राथमिक सल्ला मिळतो, पण तो क्रमांक आमच्या ग्रामपंचायतीत कोठेही लावलेला नाही.

जाणाऱ्यांनी मुलांचे जन्मदाखले, सर्वांची आधारकार्डे, शिधापत्रिका आणि असल्यास उपचारांचे कागद सोबत न्यावेत. शक्य असेल तर मुलांच्या आईवडिलांपैकी एकाला तरी बरोबर घ्यावे, कारण दोघांच्या सह्यांवाचून संमतीपत्र अपुरे राहते. आमच्या जावयांनी सही केली, आणि लेकीची सही आम्ही नागपूरला जाऊन, तेथील नोटरीसमोर घेतली.