ग्रबची थीम, आठ महिने वापरून झाल्यावर

आमच्या घरी एकच डेस्कटॉप, मी त्यावर लिनक्स मिंट वापरतो आणि बाबांचं दुकानाचं टॅली विंडोजवर. रोज सकाळी पोहे होईस्तोवर बाबा मशीन चालू करणार आणि समोर काळ्या स्क्रीनवर बारीक पांढऱ्या अक्षरांची यादी. हाच ग्रबचा मेनू; ग्रब म्हणजे मशीन चालू होताना मिंट उघडायचं की विंडोज हे विचारणारा छोटा प्रोग्रॅम. मोतीबिंदू पिकत आलाय, त्यांना त्या ओळी धड दिसायच्याच नाहीत, चष्मा पुसून वाचेपर्यंत दहा सेकंद संपून मिंट उघडायचं आणि मग "अरे, हे पुन्हा तुझंच आलं बघ" म्हणून मला हाक. जूनमध्ये ठरवलं की हा मेनू बाबांना वाचता येईल असा करायचाच.

आधी दोन तयार थीम टाकून बघितल्या. दिसायला सुंदर, पण अक्षरं अजूनच नाजूक, त्यामुळे काढून टाकल्या आणि स्वतःची बनवली. थीम म्हणजे खरं तर एक फोल्डर असतं, त्यात थीम डॉट टीएक्सटी ही फाईल, चित्रं, आयकॉन आणि फॉन्ट. हे फोल्डर बूट फोल्डरच्या आतल्या ग्रब फोल्डरातच ठेवा, कारण डिस्क एन्क्रिप्टेड (पासवर्डने कुलूपबंद) असेल तर बाकीच्या जागा ग्रबला त्या वेळी वाचता येत नाहीत. मग ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाईल आहे तिच्यात थीमचा पत्ता आणि रिझोल्यूशन लिहायचं (माझं १९२० बाय १०८०) आणि सुडो (म्हणजे अॅडमिनचा अधिकार) लावून अपडेट-ग्रब ही कमांड चालवायची.

बॅकग्राउंडला मी संध्याकाळी काढलेला इंदूरच्या राजवाड्याचा फोटो लावला. पहिल्यांदा फोटो आलाच नाही, नुसता काळा स्क्रीन. तो प्रोग्रेसिव्ह जेपेग (आधी धूसर, मग टप्प्याटप्प्याने स्पष्ट होणारा प्रकार) होता आणि ते ग्रबला चालत नाही. गिंप या फोटो एडिटरमध्ये साधा पीएनजी केला, इंटरलेसिंग बंद ठेवून, मग आला. पण खालचे तीन दगडी मजले अंधारात छान दिसायचे आणि वरच्या चार लाकडी मजल्यांच्या उजळलेल्या खिडक्यांवर नेमकी मेनूची अक्षरं यायची, काही वाचता येईना. फोटो निम्म्याहून जास्त काळवंडवला आणि मेनू वर आकाशात नेला.

फॉन्टचं काम सगळ्यात मोलाचं ठरलं. ग्रबला टीटीएफ, म्हणजे नेहमीची फॉन्ट फाईल, थेट चालत नाही, ग्रब-एमकेफॉन्ट या कमांडने तिचा पीएफटू हा ग्रबचा प्रकार करावा लागतो आणि साईज तेव्हाच ठरते, नंतर थीममध्ये नुसता आकडा वाढवून काही होत नाही. मी डेजाव्हू सान्स बोल्ड ३२ साईजचा बनवला, ओळीची उंची ७२. निवडलेल्या ओळीमागची पिवळी पट्टी तीन पीएनजी तुकड्यांची आहे, मधला, डावा आणि उजवा, फाईलच्या नावाच्या शेवटी सी, डब्ल्यू, ई. बाबांना लांबूनही कळतं की पट्टी कुठे आहे.

मनाला लागलं ते मराठीचं. मला मेनू मराठीत हवा होता. देवनागरी फॉन्ट केला, नाव लिहिलं, आणि वेलांटी जाऊन बसली अक्षराच्या पुढे आणि जोडाक्षरं सुटी सुटी, पाय मोडलेली. ग्रब एकेक अक्षर ओळीने मांडतं, आपल्या लिपीची जोडणी त्याला येत नाही. अरबीची जोडणी त्यात आहे, मग आपली का नसावी, हे मला खरंच खटकतं. शेवटी वरचं "काय उघडायचं?" मी मुक्ता फॉन्टमध्ये चित्र म्हणून बनवून लावलं आणि ओळींची नावं इंग्रजीतच राहू दिली.

नावांची कसर आयकॉनने भरून काढली. विंडोजची ओळ आपोआप बनते तेव्हा लांबलचक नाव आणि कंसात डिस्कचा पत्ता येतो, म्हणून मी चाळीस-कस्टम फाईलमध्ये वेगळी ओळ लिहिली आणि तिला माझा स्वतःचा क्लास दिला. क्लासच्या नावाचा पीएनजी आयकॉन फोल्डरात असला की ग्रब तोच दाखवतं. मी बाबांच्या जुन्या खतावणीचा फोटो काढला, लाल कापडाची, दोऱ्याने बांधलेली, आणि तोच आयकॉन केला. पहिल्या दिवशी बाबा स्क्रीनजवळ जाऊन बघून राहिले होते. "ही तर आपली वही" एवढंच म्हणाले आणि एंटर दाबलं. तेव्हापासून सकाळची हाक बंद.

आठ महिन्यांत एकच तक्रार आली. पावसाळ्यात बूट होतानाच लाईट गेली की पुढच्या वेळी मेनू दहाऐवजी तीस सेकंद थांबायचा. उबंटूच्या घराण्यात (मिंट त्यातलंच) ग्रब अर्धवट राहिलेलं बूट लक्षात ठेवतं, त्याचा वेळ रेकॉर्डफेल टाइमआउट म्हणून वेगळा लिहावा लागतो. मी तोही दहा केला.

करणार असाल तर आधी जुन्या फाईलची कॉपी ठेवा, आणि अपडेट-ग्रबने कुठलीही एरर दिली तर ती मिटल्याशिवाय रीस्टार्ट करू नका. २०२१ मध्ये आलेल्या २.०६ पासून ग्रब दुसरी सिस्टिम आपणहून शोधत नाही, त्यामुळे विंडोज यादीत दिसलं नाही तर घाबरू नका, ओएस-प्रोबरची, म्हणजे दुसऱ्या सिस्टिम शोधणाऱ्या प्रोग्रॅमची, सेटिंग बघा.

या रविवारी बाबांनी अक्षर अजून थोडं मोठं करून मागितलंय, ४० चा फॉन्ट करून ठेवलाय.