दोन घंट्यांचं गजराचं घड्याळ: पहाटे पाचला उठवतं का?

पाचच्या तालमीसाठी, कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या फेरीसाठी किंवा परीक्षेच्या अभ्यासासाठी मोबाईलवर पाच-पाच मिनिटांचे चार गजर लावायचे आणि चारही झोपेतच बंद करायचे, असं ज्यांचं रोज होतं त्यांच्यासाठी हे परीक्षण. डोक्यावर दोन घंट्या, मध्ये हातोडी, पाठीमागे एक पेन्सिल सेल. महाद्वार रोडला किंवा लक्ष्मीपुरीत साधारण ३०० ते ६०० रुपयांत मिळतं.

आवाज नादखुळा आहेच, पण खरा गुण वेगळा: बहुतेकांना स्नूझ नसतं. बंद करायचं तर मागची कळ सरकवावी लागते. त्यामुळे उशाशी ठेवलंत तर पैसे पाण्यात. अंथरुणापासून आठ-दहा फुटांवर, शक्यतो बाथरूमच्या वाटेवर ठेवा. स्टीलच्या ताटलीत ठेवलं तर आवाज आणखी चढतो. खाली कापड असेल तर दबतो.

घेताना दुकानातच सेल घालून गजर वाजवायला सांगा. स्वस्तातल्या काही घड्याळांत घंट्या नुसत्या शोभेच्या असतात आणि आतून बझरची 'पिप-पिप' येते. हातोडी दोन्ही घंट्यांवर सारखी बसते का तेही बघा. एका बाजूला झुकलेली असेल तर ठणठणाटाऐवजी नुसती खरखर ऐकू येते.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. काटे बरोबर चालतायत म्हणजे गजर वाजणारच, असं नाही. काटे फिरवायला अगदी नाममात्र वीज लागते, हातोडीच्या मोटरला त्याच्या कितीतरी पट. सेल उतरायला लागला की घड्याळ टिकटिक करत राहतं, पण पाचला हातोडी जागच्या जागी थरथरते नाहीतर हलतच नाही. घड्याळ बंद पडायची वाट बघू नका. ठोके मंद वाटले की सेल बदला. सेल अल्कलाईन घ्या. दहा-पंधरा रुपयांचा साधा सेल मोटरचा भार आला की दमतो आणि संपल्यावर विसरला तर गळून पत्र्या गंजवतो. रिचार्जेबल सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचा, त्यामुळे ठोका जरा कमजोरच.

दुसरी तक्रार नेमकेपणाची. गजराचा काटा पाचवर लावला तरी तो दहा मिनिटं मागेपुढे वाजू शकतो, कारण आतल्या चाकाची खाच जुळेल तेव्हाच संपर्क होतो. पहिल्याच दिवशी तपासून घ्या: गजर पाचवर लावा, कळ चालू करा आणि वेळेचे काटे हळूहळू पाचकडे आणा. ठोका पाच दहाला पडला तर गजराचा काटा तेवढा अलीकडे घ्या. दोन्ही नॉब बाणाच्या दिशेनेच फिरवा. उलटे फिरवले तर आतली पट्टी वाकू शकते. आणि ही तबकडी बारा तासांची! सकाळी कळ बंद केली नाहीत, तर संध्याकाळी पाचला घर डोक्यावर.

एवढं करूनही घड्याळ तुम्हाला फक्त उभं करतं. उठल्यावरची गुंगी साधारण १५ ते ३० मिनिटं टिकते, झोप अपुरी असेल तर त्याहून जास्त, आणि माणूस परत आडवा होतो तो याच वेळात. कोल्हापुरात सूर्य जानेवारीत सातच्या सुमारास उगवतो, मे अखेरीलाही सहाच्या आसपास. म्हणजे बारा महिने पाचला अंधारच. घड्याळाशेजारी ट्यूबलाईटचं बटण असावं. आधी लाईट, मग गजर बंद. पाच वाजता लाईट आपोआप लागावा म्हणून टायमर सॉकेट लावलंत, तर वीज गेली की चकतीचं टायमर तेवढं मागे पडतं, हे लक्षात ठेवा.

रात्री साडेदहाला तांबडा-पांढरा ओरपून बाराला झोपणाऱ्याला कुठलंच घड्याळ पुरणार नाही. पाचला उठायचं तर दहाला दिवे बंद, आणि संध्याकाळी पाचनंतर चहा नको.

खोलीत दुसरं कोणी झोपत असेल, विशेषतः तान्हं बाळ, तर हे घड्याळ घेऊच नका. तिथे मनगटावर थरथरणारा बँड बरा. टिकटिकीने झोप लागत नसेल तर सेकंदकाटा उड्या न मारता सरकत जाणारं मॉडेल मागा, तेही कानाला लावून बघून.