कोकणच्या रस्त्यावर ४५ युनिटांची बॅटरी : दीड वर्षाचा अनुभव

रत्नागिरीत विजेची गाडी घेऊन आम्हाला आता दीड वर्ष होत आले. गाडी भारतीय बनावटीची आणि मध्यम आकाराची असून तिची बॅटरी ४५ किलोवॉट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ४५ युनिटांची आहे. हे परीक्षण मी मुद्दाम बॅटरीपुरतेच ठेवले आहे, कारण कोकणात विजेची गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न शेवटी बॅटरी आणि तिला वाटेत मिळणारी वीज यांपाशीच येऊन थांबतो.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी प्रकारची आहे. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातील गटाने या पदार्थाचा बॅटरीतील उपयोग १९९७ साली प्रसिद्ध केला. निकेल-कोबाल्टच्या बॅटरीपेक्षा तिच्यात किलोमागे वीज कमी मावते; परंतु ती उष्णता अधिक सोसते, सहजी पेट घेत नाही आणि चार्जिंगची कितीतरी अधिक आवर्तने टिकते. एप्रिल-मे महिन्यांत गाडी दिवसभर उन्हात उभी ठेवावी लागणाऱ्या आमच्यासारख्यांना हे गुण थोड्या जास्त पल्ल्यापेक्षा मोलाचे वाटतात.

सपाट रस्त्यावर एका युनिटमागे सुमारे सात किलोमीटर मिळतात. पूर्ण चार्जवर तीनशे किलोमीटर निर्धास्त धरावेत. घाटात गाडीचे काय होते, हे मात्र सगळेच विचारतात. माणसांसह अठराशे किलोची गाडी सहाशे मीटर वर न्यायची, तर केवळ चढाला सुमारे तीन युनिटे लागतात, हे शाळेतल्या भौतिकशास्त्राचे गणित आहे. कोल्हापूरला जाताना आंबा घाटात आमचा खर्च याच हिशोबाने वाढतो. परतीच्या उतारावर मोटर जनित्रासारखी चालते आणि ब्रेकमध्ये वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत येते. घाटमाथ्यावर ५१ टक्के दाखवणारा आकडा खाली साखरप्याला पोहोचताना ५४ झालेला मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मागे बसलेल्या आईलाही तो वाचून दाखवल्याशिवाय राहवले नाही.

गणपतीत मुंबईहून येताना माणगावला तीन तास अडकलो होतो. एसी पूर्ण वेळ सुरू असूनही बॅटरी सात टक्क्यांनीच उतरली. कोंडीत ही गाडी फार कमी वीज खाते, त्यामुळे सणासुदीच्या प्रवासाची भीती मला अनाठायी वाटते.

एलएफपीचा खरा दोष वेगळाच आहे. या सेलचे व्होल्टेज बराच काळ जवळजवळ स्थिर राहते, त्यामुळे आत वीज किती उरली, हे ओळखणे यंत्रणेला अवघड जाते. आमच्या गाडीने एकदा १४ टक्क्यांवरून थेट ९ वर उडी मारली. तेव्हापासून आठवड्यातून एकदा पूर्ण शंभर टक्के चार्ज करतो, म्हणजे हिशोब पुन्हा जुळतो. आणि १५ टक्क्यांच्या खालच्या आकड्यावर विसंबून कधीही निघत नाही.

सर्वांत मोठा मनस्ताप बॅटरीने दिलेला नाही. महामार्गावरच्या एका चार्जिंग केंद्रावर आम्ही रात्री साडेनऊला पोहोचलो. मोबाईलवरच्या ॲपमध्ये केंद्र सुरू दिसत होते. प्रत्यक्षात पावसात भिजलेली जाड गन आकड्याला लटकत होती आणि यंत्राचा पडदा काळा होता. शेजारच्या खानावळीच्या मालकांनी स्वयंपाकघरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर आमची वायर लावू दिली, दोन मुलांना मऊभात वाढला आणि पैसे घेताना संकोचले. चार तासांत जेमतेम बारा युनिटे भरली. त्या माणसांचे ऋण मी विसरणार नाही. पण लांब पल्ल्याचा प्रवास कोणाच्या चांगुलपणावर अवलंबून राहणे योग्य नव्हे.

म्हणूनच नव्या बॅटऱ्यांच्या बातम्या मी आता याच रस्त्यावर ठेवून तपासतो. ७९ युनिटांच्या बॅटरीच्या आणि साडेसहाशे किलोमीटरहून अधिक पल्ल्याचा दावा असलेल्या देशी गाड्या बाजारात आल्या आहेत. प्रत्यक्षात पल्ला कमी पडला, तरी मुंबई-रत्नागिरी हे सुमारे ३४० किलोमीटरचे अंतर त्या न थांबता कापू शकतील. सॉलिड-स्टेट बॅटरीत द्रवाऐवजी घन इलेक्ट्रोलाइट, म्हणजे विद्युतभारित कण वाहून नेणारा पदार्थ, असतो आणि कमी वजनात जास्त वीज साठवण्याची तिची क्षमता आहे. टोयोटाने ती गाड्यांत आणण्यासाठी २०२७-२८चे लक्ष्य सांगितले आहे. घाटात प्रत्येक किलोचा भार सोसावा लागत असल्याने ती मला मनापासून हवी आहे. लिथियमऐवजी सोडियम वापरणारी बॅटरी सीएटीएल या चिनी बॅटरी कंपनीने २०२१ साली मांडली. तिचा कडाक्याच्या थंडीत चालण्याचा गुण आम्हाला निरुपयोगी आहे.

बीवायडी या चिनी गाडी कंपनीने मार्च २०२५ मध्ये पाच मिनिटांत चारशे किलोमीटरची वीज भरणारी यंत्रणा दाखवली. तिला एक मेगावॉट, म्हणजे हजार किलोवॉट वीज लागते. आमच्या गावची डीपी, म्हणजे गावाला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, शंभर केव्हीएची, म्हणजे फार तर शंभर किलोवॉटची आहे. म्हणजे अशा दहा डीपींची वीज एका गाडीला पाच मिनिटे हवी. पहिल्या पावसातच फांदी पडून लाइन जाणाऱ्या भागात हे तंत्र तसेच्या तसे येणार नाही. त्याऐवजी चार्जिंग केंद्रावरच एलएफपीचा किंवा सोडियमचा मोठा साठा ठेवून तो रात्रभर सावकाश भरावा आणि दिवसा गाड्यांना वेगाने द्यावा. जागेवर बसलेल्या बॅटरीला वजनाची अडचण नसते. चिपळूण, हातखंबा आणि कणकवली येथे अशी तीन केंद्रे झाली, तर माझ्या ४५ युनिटांच्या गाडीचा पल्लाही मला पुरेसा आहे.

गाडी घेणाऱ्यांनी त्याआधी घरचे अर्थिंग तपासावे. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते, अर्थिंग क्षीण पडते आणि चार्जर लाल दिवा दाखवून वीज घेण्यास नकार देतो. मे महिन्यात आमचे असेच झाले. वायरमननी अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून दोन बादल्या पाणी ओतल्यावर दिवा हिरवा झाला. आता उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी माडाला पाणी शिंपताना एक बादली त्या खड्ड्यातही जाते.