दुसऱ्याच्या खुर्चीतला पहिला तपास : 'प्राइम सस्पेक्ट'

खून कोणी केला, हे 'प्राइम सस्पेक्ट' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेच्या पहिल्या काही मिनिटांतच पोलिसांना कळलेले असते, निदान त्यांची तशी खात्री झालेली असते. लंडनमधील एका भाड्याच्या खोलीत एका तरुणीचा मृतदेह सापडतो, जॉर्ज मार्लो नावाचा संशयित लगोलग ताब्यात येतो आणि तपासाचा प्रमुख, डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर शेफर्ड, विक्रमी वेळात आरोप ठेवण्याच्या बेतात असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने कोसळतो. त्याच पोलीस ठाण्यात त्याच हुद्द्यावर जेन टेनिसन असते. तिला आजवर एकाही खुनाच्या तपासाचे नेतृत्व दिलेले नसते. ती वरिष्ठांकडे जाऊन हे प्रकरण मागते. मृत सहकाऱ्याची खुर्ची अजून गरम असताना ही मागणी करणे ठाण्यातल्या प्रत्येकाला खटकते आणि प्रेक्षकालाही थोडे खटकावे, अशीच लेखिकेची इच्छा असावी. टेनिसनचा पहिला खुनाचा तपास असा दुसऱ्याने अर्ध्यावर टाकलेला, घाईत रंगवलेला आणि आतून भुसभुशीत आहे.

ग्रॅनडा टेलिव्हिजनने निर्मिलेली ही दोन भागांची मालिका एप्रिल १९९१ मध्ये सलग दोन रात्री आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर दाखवण्यात आली. लेखन लिंडा ला प्लांट यांचे, दिग्दर्शन क्रिस्तोफर मेनॉल यांचे आणि टेनिसनच्या भूमिकेत हेलन मिरेन. त्या काळी लंडनच्या पोलीस दलात या हुद्द्यावरच्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. त्यांपैकी जॅकी माल्टन यांच्याशी बोलून ला प्लांट यांनी हे पात्र उभे केले, आणि मालिकेतील बारीकसारीक अपमानांना जो खरेपणा आहे, तो बहुधा तिथून आला असावा. इथे कोणी टेनिसनला उघडपणे 'तू बाई आहेस' असे म्हणत नाही. फोन उचलला जात नाही, कागद उशिरा पोहोचतात, ती खोलीत आली की हसणे थांबते, आणि सार्जंट बिल ओटली तिच्या प्रत्येक आदेशानंतर अर्धा क्षण जास्त घेतो. टॉम बेल यांनी साकारलेला हा ओटली म्हणजे अभिनयाचा उत्तम नमुना आहे. या माणसाचा द्वेष आवाज चढवून कधीच व्यक्त होत नाही.

संबोधनाचा प्रसंग मराठी प्रेक्षकाला विशेष भिडेल. हाताखालचे लोक टेनिसनला 'मॅम' म्हणू लागतात, तेव्हा ती ते झिडकारते आणि पुरुष अधिकाऱ्यांना जे म्हटले जाते तेच, म्हणजे 'गव्हनर' किंवा 'बॉस', आपल्याला म्हणावे असे बजावते. आपल्याकडे पोलीस ठाण्यात पुरुष अधिकारी 'साहेब' आणि स्त्री अधिकारी 'मॅडम' असते. दोन्ही शब्द आदराचेच, पण हुकूम 'साहेबां'चा असतो, हे ज्याने सरकारी कार्यालयाचा उंबरठा ओलांडला आहे त्याला वेगळे सांगायला नको. पुढे कोणाच्या तोंडून कोणता शब्द कधी बाहेर पडतो याकडे लक्ष ठेवले, तर ठाण्यातील वारे कोणत्या दिशेला वाहते आहे हे कळत जाते.

मालिकेचे सर्वांत मोठे बळ मात्र तिच्या तपासाच्या पद्धतीत आहे. टेनिसनला कुठलाही साक्षात्कार होत नाही. ती आधीच्या पथकाची कागदपत्रे पुन्हा वाचते, शवागारात जाऊन मृतदेह स्वतः पाहते आणि त्यातून तिला जी पहिली शंका येते ती खुन्याबद्दल नसून मृत तरुणीबद्दल असते: जिच्या खोलीत प्रेत सापडले, तिचेच ते प्रेत आहे का? शेफर्डने ओळख पटल्याचे गृहीत धरले होते आणि तसे धरण्यामागे त्याची काही खासगी कारणेही होती. एका नावाची चूक सुधारताच संपूर्ण प्रकरण मोडून पडते आणि हाती आलेला संशयित सोडून द्यावा लागतो. पहिल्याच खुनाच्या तपासात अधिकाऱ्याने केलेली पहिली ठळक कामगिरी म्हणजे संशयिताची सुटका, ही रचना मला फार धाडसी वाटली.

इंग्लंडमधील कायद्याची चौकट ठाऊक असेल, तर या भागातील तणाव अधिक नीट समजतो. १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यानुसार आरोप न ठेवता संशयिताला एरवी २४ तासच अडकवून ठेवता येते. गंभीर गुन्ह्यात वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने ३६ तास आणि त्यापुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने जास्तीत जास्त ९६ तास. पोलीस कोठडी दिवसांत मोजण्याची सवय असलेल्या आपल्या प्रेक्षकाला भिंतीवरच्या घड्याळाकडे सारखे पाहणारे हे अधिकारी सुरुवातीला विचित्र वाटतील. चौकशीच्या खोलीत संशयिताशेजारी वकील बसलेला असतो, टेबलावर ध्वनिमुद्रण यंत्र चालू असते आणि तिथे बोललेला शब्द पुढे न्यायालयात पुरावा म्हणून वाजवला जाऊ शकतो. भारतात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातील दंडक नव्या कायद्यातही कायम आहे. त्यामुळे टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन माणसांच्या संभाषणावर एवढी भिस्त असलेले कथानक आपल्याकडे जसेच्या तसे उचलता येणार नाही.

मिरेन यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून एकच गोष्ट नोंदवतो. त्या टेनिसनसाठी सहानुभूती मागत नाहीत. घरी जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांना ही बाई विसरते, सोबत राहणाऱ्या पीटरचे (टॉम विल्किन्सन) बोलणे अर्धवट ऐकते, सतत सिगारेट ओढते आणि काम हातातून निसटेल या भीतीने माणसे निसटू देते. मिरेन हे सगळे खुलासा न देता करतात. मालिकेच्या पहिल्या तीन पर्वांसाठी त्यांना सलग तीन वर्षे बाफ्टा हा ब्रिटनमधील मानाचा चित्रपट-दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला, तो रास्तच होता. मार्लोसोबत राहणाऱ्या मोयराच्या भूमिकेतील झोई वॉनामेकर यांच्याशी होणारी त्यांची जुगलबंदी तर परत परत पाहावी अशी आहे. पुढे जगप्रसिद्ध झालेले रेफ फाइन्सही इथे एका लहानशा भूमिकेत आहेत. ओळखू आले नाहीत तरी फारसे बिघडत नाही.

उणिवा आहेत. दुसऱ्या भागातील पाळतीची दृश्ये लांबली आहेत. पीटरचे पात्र केवळ घर मोडण्यासाठीच आणले आहे, असे वाटत राहते. सहकाऱ्यांचा विरोध इतक्या बारकाईने रंगवल्यानंतर त्यांचे मन वळणे मात्र काहीसे झटपट उरकले आहे. मला आणखी चार-दोन दिवसांचा कडवटपणा चालला असता. मार्लो माणूस म्हणून उलगडत नाही, हा आक्षेप काही जण घेतील, पण तो मला मान्य नाही. जॉन बो यांनी त्याला मनमिळाऊ, किंचित केविलवाणा ठेवले आहे आणि त्यामुळेच त्याच्यासमोर बसलेल्या टेनिसनइतकेच आपणही चाचपडत राहतो. उत्तर इंग्लंडमधील ओल्डहॅम या गावातल्या वेश्याव्यवसायातील स्त्रियांशी टेनिसन ज्या प्रकारे बोलते, एक पेय मागवून, घाई न करता, उपदेश न करता, तो प्रसंग या साऱ्या उणिवा भरून काढतो. गुन्हेकथांत बळी पडलेली स्त्री बहुधा छायाचित्रापुरती उरते. इथे तिच्या मैत्रिणींना आवाज आहे आणि तपासाला खरी दिशाही त्यांच्याकडूनच मिळते.

शेवट सांगत नाही. तो न्यायालयात होतो, काही क्षणांचाच आहे आणि ठाण्यातील जल्लोषानंतर लगेच येतो, एवढेच सांगतो. याच प्रकरणाकडे मालिका १९९५ मध्ये पुन्हा वळली आणि टेनिसनने तेव्हा योग्य माणूस पकडला होता का, असा प्रश्न तिने तिथे उपस्थित केला. २००६ पर्यंत चाललेली सातही पर्वे पाहायची असतील तर क्रम मोडू नये. शवविच्छेदनाची छायाचित्रे वारंवार आणि जवळून दिसतात, त्यामुळे लहान मुलांसमोर ही मालिका लावू नये. लंडनच्या पोलिसांची बोली आणि उत्तर इंग्लंडचे उच्चार कानाला नवे असतील, तर इंग्रजी उपशीर्षके चालू ठेवावीत. ओटलीचे निम्मे टोमणे एरवी तसेच निघून जातात.